तिसऱ्या ओळीतली माती

१

उघड्या पट्ट्यातली माती श्रीमंत निघाली आणि अख्ख्या संस्थेच्या तोंडचं पाणी पळालं.

संस्था म्हणजे जंगलाच्या कडेची एक बैठी इमारत, तिच्या पाठीशी प्रयोगशाळा, आणि त्यापलीकडे सरांचे दोन पट्टे. सर आता नाहीत. तरुणपणी त्यांनी शेजारशेजारच्या दोन तुकड्यांतली झाडं तोडून घेतली होती. एका तुकड्यातून फक्त खोडांचे सोट उचलले. फांद्या, शेंडे, पाला जिथल्या तिथे पसरून ठेवला. तो पांघरलेला पट्टा. दुसऱ्यातून काडीन्‌काडी उचलून नेली. तो उघडा पट्टा. मग दोन्हींत सारखीच रोपं लावली आणि जन्मभर एकच प्रश्न विचारत बसले, की वरचं नेल्यावर खालच्याचं काय होतं? झाड हवेतला कार्बन अंगात साठवतं, हे आता शाळेतली मुलंही घडाघडा सांगतात. पण तोच कार्बन पाल्यातून, मुळांतून मातीत उतरतो आणि तिथे मुक्कामाला राहतो. दिसत नाही, म्हणून त्याची आठवण कुणी काढत नाही, असं सर म्हणायचे. त्यांच्या हयातीत उघड्या पट्ट्याची माती दर तपासणीला थोडी फिकट, थोडी कडक होत गेली होती.

यंदाच्या तपासणीत तीच माती काळीभोर ठरली. पांघरलेल्या पट्ट्याच्याही वरचढ.

नेमकी यंदाच. कारण दोनच दिवसांनी दुपारी समितीची बैठक होती. गावाबाहेरच्या लाकूड-वीजघराला सगळ्या जंगलाच्या फांद्या, पाला, आणि जमिनीतले खुंटसुद्धा उपटून हवे होते. ढलप्या करून भट्टीत घालायला. मातीचं काही बिघडत नाही असं संस्थेनं लिहून दिलं की परवानगी मिळाली.

नमुने काढले होते चिमणीनं. अंगानं एवढीशी आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून तिचं ते नाव पडलेलं. सरांची शेवटची विद्यार्थिनी. आणि वीजघराचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे भट्टीसाहेब म्हणत, त्यांनी महिन्याभरापूर्वी तिला आपल्याकडे नोकरीला बोलावलं होतं. संचालकांनी दोन आणि दोन चार केले. पोरीनं पिशव्या बदलल्या, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि बैठकीपर्यंत खुलासा झाला नाही तर तिनं पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये, असंही.

चिमणी रडली नाही. तिनं दुसऱ्या शहरातल्या मातीबाईंना फोन लावला.

२

मातीबाई सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी. केस पिकलेले, आवाज असा की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. त्यांचा एक नेम होता. मातीचा नमुना काढायचं गिरमिट जमिनीत घालण्याआधी तळहात मातीवर टेकवायचा आणि मनातल्या मनात आभार मानायचे. ही सवय सरांची. विचारल्याशिवाय कुणाच्या घरातलं काही उचलू नये, आणि मातीला विचारता येत नाही, तर निदान आभार तरी मानावेत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा हसू आलं होतं. पुढे बाईंच्या आयुष्यात जे काही उभं राहिलं ते त्या एका वाक्याच्या जोरावर, आणि हे सरांना सांगायचं राहूनच गेलं.

सकाळच्या गाडीनं त्या उतरल्या. चहासुद्धा न घेता त्यांनी चिमणीला विचारलं, की पांघरलेल्या पट्ट्याचा आकडा किती आला. चिमणी म्हणाली, नेहमीसारखाच.

"मग पिशव्या बदललेल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "बदलल्या असत्या, तर एक वर गेला तसा दुसरा खाली आला असता."

चिमणीच्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं. संचालक मात्र तिथेच उभे होते, आणि ते काही दुधखुळे नव्हते. बदलल्या नसतील तर वरून काहीतरी मिसळलं असेल, ते म्हणाले, आणि गिरमिट शेवटी हिच्याच हातात होतं.

एवढं बोलून ते गेले. पेच सुटण्याऐवजी घट्ट बसला.

बाई चिमणीला घेऊन पट्ट्यावर गेल्या. पट्ट्याच्या कडेनं ट्रकचा रस्ता जातो. रस्त्यालगतच्या पहिल्या तीन ओळी राखणीच्या. वारा, धूळ, माणसांची वर्दळ त्यांनी सोसायची, म्हणजे आतला पट्टा अस्पर्श राहतो. त्या तीन ओळींत मोजमाप करायचं नाही, हा सरांचा दंडक. आत लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. दर खेपेला त्यांच्याच बुडातून माती काढायची. चिमणीनं खुंट्या दाखवल्या. एकही हललेली नव्हती.

बाई कडेला उभ्या राहून वर पाहत राहिल्या. रस्त्यालगतची झाडं सरळसोट होती, उंचावर जाईपर्यंत एक फांदी नाही. ऊन त्यांच्या उघड्या सालीवर पडलं होतं. काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना.

मग त्यांनी रस्त्याकडच्या खुंटीपाशी तळहात टेकवला आणि गिरमिट घातलं. वर आली ती माती काळी खरी, पण तो काळेपणा पाल्याचा नव्हता. पाल्याची माती चुरली की मऊ पडते, तिला वास असतो. या मातीत टणक, चमकत्या कण्या होत्या, बोटाला काजळी लावणाऱ्या. बाईंनी चिमणीकडून सौम्य आम्लाची बाटली घेतली आणि थेंब सोडला. मातीवर बारीक फेस आला.

जंगलातल्या मातीवर असा फेस येत नाही. राखेवर येतो.

"कोळसा आणि राख," चिमणी पुटपुटली. "बाई, राख म्हणजे तर..."

"मनात आलं ते मनातच ठेव," बाई म्हणाल्या, आणि चुरलेल्या मातीतून त्यांनी एक वस्तू उचलली. टाचणीच्या डोक्याएवढ्या टोपीची, हिरवी पडलेली, तांब्याची चूक, म्हणजे बारीक खिळा.

३

राख म्हटल्यावर सगळ्यांचं बोट वीजघराकडे वळणार होतं, म्हणून बाई आधी तिथेच गेल्या.

भट्टीसाहेबांनी खुर्ची पुढे केली, पंखा लावला. माणूस गोड बोलणारा. या भट्टीवर दवाखान्याला गरम पाणी जातं, थंडीत गावातली म्हातारी माणसं ऊब घेतात, हे त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. झाड तोडलं तर पुन्हा उगवतं, मग लाकूड जाळण्यात पाप काय, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, पाप नाही. फक्त धूर एका दुपारी निघून जातो आणि झाड पुन्हा तेवढं व्हायला माणसाचं वय जातं, आणि मधल्या काळात मातीच्या पोटातलंही काढून घेतलं तर ते केव्हा भरून येणार, एवढाच प्रश्न आहे. साहेब हसले. निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता, हसायला त्यांचं काय जात होतं?

निघताना बाईंनी राखेच्या ढिगातली मूठभर राख मागून घेतली. ती पिठासारखी होती, करडी, मऊ. कितीही चाळली तरी तिच्यात कोळशाची कणी सापडेना. एवढ्या धगीत कोळसा उरतोच कुठे?

म्हणजे ही राख ती नव्हे.

तोडणीच्या टोळीचा मुकादम बाहेर ट्रकच्या सावलीत बसला होता. खुंट उपटायची परवानगी मिळाली तर टोळीला बारमाही काम, म्हणून बाईंच्या मनातल्या संशयितांच्या यादीत त्याचाही नंबर होता. बाईंनी काही विचारण्याआधीच तो बोलत सुटला. माती-बिती आपल्याला कळत नाही, वर उभं आहे ते आडवं करायचं एवढंच कळतं, तो म्हणाला. मग कामाच्या गप्पा निघाल्या. पूर्वी सरांच्या पट्ट्यापाशी वळण असं अवघड होतं की ट्रक अडकला की ड्रायव्हर भट्टीसाहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. आता कसं, लोण्यातून सुरी जावी तसा ट्रक जातो.

"आता म्हणजे केव्हापासून?" बाईंनी सहज विचारलं.

मुकादम बोलता बोलता थांबला. त्यानं चप्पल झटकली, ट्रकच्या चाकाकडे पाहिलं आणि आपल्याला काम आहे असं सांगून उठून गेला.

४

सरांच्या घरी जायचंच होतं. सरांच्या पत्नी, काकू, आता तिथे एकट्याच असत. नजर बरीच अधू झालेली. दारात कोण आलंय हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. "ये गं," म्हणाल्या, "आणि तुझं ते तोंडातल्या तोंडात बोलणं बाहेर ठेव. मला आता ऐकूही कमी येतं."

खोलीत शेगडी पेटलेली होती. शेजारी लाकडाच्या गोल चकत्यांची चळत. बाईंनी त्या ओळखल्या. सरांनी तोडलेल्या प्रत्येक झाडाची एकेक चकती कापून ठेवलेली असे, वयाची वलयं मोजायला. काकू म्हणाल्या, त्यांनीच सांगून ठेवलं होतं, सगळं मोजून झालंय, मी गेलो की जाळून टाक, तुला ऊब होईल. आधी जीव होईना. पण पहिल्या थंडीत एक चकती शेगडीत घातली आणि वाटलं, ते समोर बसलेत.

बाईंनी चहाचा कप हातात धरला. या घरात त्यांनी किती वेळा जेवून मग अभ्यास केला होता. वसतिगृहात परत जाताना काकू डबा हातात द्यायच्या, आणि डबा रिकामा आणलास तर दारात उभी करणार नाही, अशी तंबी. काय भरून आणायचं, असं विचारलं तर म्हणायच्या, जंगलातली चार पानं आण, पण रिकामा आणू नकोस.

काकू बोलत होत्या. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, तीन महिने राहिले, नातू आजोबांसारखा कपाळाला आठ्या घालतो. परत आले तर घर गार पडलेलं. पण सकाळचा नेम तेवढा चालू आहे, सरांच्या झाडांना भेटून येते. आताशा दिसत नाही, तर हातानं चाचपत जाते.

बाईंचं लक्ष चळतीतल्या वरच्या चकतीकडे गेलं. तिच्यावर झाडाच्या क्रमांकाची पट्टी होती, आणि पट्टी ठोकली होती तांब्याच्या चुकेनं.

त्यांनी कप खाली ठेवला. आता काय करावं? खरं सांगितलं तर चिमणी सुटणार होती, आणि जिनं आपल्याला वाढवलं त्या बाईला कळणार होतं की नवऱ्याच्या जन्मभराच्या कामात माती कालवली गेली ती तिच्याच हातानं.

बाईंनी डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, उद्या दुपारी माझ्याबरोबर झाडांना भेटायला याल?"

५

बैठक खोलीत भरलीच नाही. मातीबाईंनी सगळ्यांना पट्ट्यावर बोलावलं होतं: समितीची माणसं, संचालक, भट्टीसाहेब, मुकादम, चिमणी. काकू बाईंचा हात धरून उभ्या होत्या.

बाई हळू बोलत होत्या, त्यामुळे सगळे जवळ सरकले. सरांच्या शिस्तीप्रमाणे चिमणीनं प्रत्येक खुंटीची अर्धी माती एकत्र केली आणि अर्धी वेगळी बांधून ठेवली. संचालकांनी फक्त एकत्र केलेल्या मातीचा आकडा पाहिला. त्या वेगळ्या पिशव्या आज सकाळी तपासल्या. रस्त्याकडच्या ओळीतल्या मातीत कोळसा आणि राख आहे. आतल्या सगळ्या खुंट्यांची माती पूर्वीइतकीच गरीब आहे, किंबहुना थोडी अधिक. सरांचं म्हणणं तसूभरही हललेलं नाही.

"आणि चिमणीनं मिसळलं असतं, तर अख्ख्या पट्ट्याच्या मातीत मिसळलं असतं, एकाच ओळीत नाही. वर पुरावा वेगळा बांधून ठेवण्याइतकी मूर्ख तर ती नाही."

मग कोण, असं संचालकांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

बाईंनी काकूंच्या हातावर हात ठेवला. "काकू, सकाळच्या नेमाला जाताना काय नेता, ते सांगता?"

काकूंनी सरळपणे सांगितलं. शेगडीतली राख आणि उरलेले कोळसे, डबाभर. सर जाण्याआधी म्हणाले होते, की मी त्या पट्ट्यातून सगळं काढून घेतलं, परत काही दिलं नाही. शास्त्रासाठी तसं करावं लागलं, पण मनाला लागून राहिलंय. आत द्यायची सोय नाही, प्रयोग बिघडेल. पण राखणीच्या तीन ओळी शास्त्राच्या नाहीत, आपल्या आहेत. तिसऱ्या ओळीत काय हवं ते दे. म्हणून त्या देत होत्या. त्याच झाडांची चकती, त्याच झाडांची राख, त्याच जागी परत. रोज थोड्या पुढच्या जागी रस्त्यावरून आत शिरायचं, एक झाड चाचपायचं, दुसरं चाचपायचं, तिसऱ्याच्या बुडाशी डबा रिकामा करायचा. "मी कधी चुकले नाही गं. तीनच्या पुढे पाऊल टाकलं नाही."

"नाही चुकलात," बाई म्हणाल्या. "मोजा बघू परत."

काकूंनी मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या झाडाला त्यांचा हात लागला, आणि त्याच्याच बुडाशी सगळ्यांना लोखंडी खुंटी दिसली.

काकूंचा हात खाली सरकत खुंटीपर्यंत गेला. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा बाईंना पाहवेना.

"काकू, ओळ तुम्ही चुकला नाहीत. ओळच चोरीला गेलीय."

६

बाईंनी सगळ्यांना वर पाहायला सांगितलं. रानाच्या कडेचं झाड कसं असतं? ज्या अंगाला ऊन, त्या अंगाला ते खालपर्यंत फांद्या धरतं. आतलं झाड मात्र शेजाऱ्यांच्या सावलीत वाढतं. त्याच्या खालच्या फांद्या वाळून गळतात आणि खोड उघडं राहतं. आता रस्त्यालगत उभी असलेली ही झाडं पाहा. एकाला खाली फांदी नाही. ही कडेची झाडं नव्हेतच. ही दुसऱ्या ओळीतली, पहिलीच्या सावलीत वाढलेली.

"पहिली ओळ कुठे गेली, हे मला ट्रकच्या वळणानं सांगितलं."

मुकादम मान खाली घालून पुढे आला. साहेबांनी परवानगी आहे म्हणून सांगितलं, आपण कागद मागितला नाही, तो म्हणाला. काकू लेकीकडे होत्या तेव्हाची गोष्ट. झाडं काढली, खुंट मुळासकट उपटले, जमीन सारखी करून वर पाला भुरभुरला. एक खुंट जरी राहिला असता तरी काकूंच्या पायाला लागला असता आणि त्यांनी मोजला असता.

भट्टीसाहेब म्हणाले, एका ओळीनं असं काय बिघडलं. ट्रक अडकायचे, दवाखान्याला ऊब वेळेवर जायला हवी होती. ते सगळं खोटं नव्हतं, म्हणून बाईंनी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांनी खाली बसून खुंट उपटलेल्या जागेवर तळहात टेकवला आणि गिरमिट घातलं. तिथून चार पावलं आत, उभ्या झाडाजवळ, पुन्हा घातलं. दोन्ही मुठी समितीपुढे धरल्या. एकीत खालून वर आलेली पिवळट, ढेकळांची माती. दुसरीत त्यामानानं मऊ, गडद, वासाची, एक गांडूळ वळवळणारी.

"एका जागेवरून मी निकाल देणार नाही, सरांनी तसं शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या जंगलाचे खुंट उपटण्याआधी हे साहेबांनीच करून दाखवलंय, तर निदान पाहून घ्या."

समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन्ही माती हातात घेऊन हुंगली. मग बराच वेळ बोलणी झाली. ठरलं ते असं: खुंटाला हात लावायचा नाही. पाला आणि शेंडे जंगलाचे. भट्टीला करवतीच्या कारखान्यातले तुकडे आणि भुसा, आणि पानं गळून गेल्यावर थोड्या जाड फांद्या. दवाखाना गार पडणार नाही, याचा हिशोब चिमणीनंच मांडून दाखवला. तोडलेल्या ओळीची चौकशी वेगळी. संचालकांनी चिमणीची सगळ्यांदेखत माफी मागितली, जशी सगळ्यांदेखत शंका घेतली होती. चिमणी काहीतरी लांबलचक बोलणार होती, पण नुसतं 'बरं' म्हणून थांबली. तिच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

माणसं पांगली. काकू अजून त्या खुंटीपाशी बसलेल्या होत्या. "त्यांचं एवढं जपलेलं, आणि माझ्या हातानं," त्या म्हणाल्या.

बाई त्यांच्याशेजारी मातीतच बसल्या. आज त्यांचा आवाज काकूंना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "काकू, तुमचा डबा नसता, तर गेलेल्या ओळीकडे कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पुढच्या खेपेला दुसरी गेली असती, मग तिसरी, मग पट्टाच. रस्त्याकडच्या खुंट्या यापुढे मोजणीतून वगळू, आतल्या पुष्कळ आहेत. सरांचं काम तुम्ही बिघडवलं नाहीत. राखलंत." मग त्या म्हणाल्या, "आणि मला डबा रिकामा आणू नकोस म्हणायचात, त्याचा अर्थ मला आज इथे येऊन कळला."

काकूंनी बाईंच्या गालाला हात लावला. बोटांना काजळी होती, ती गालाला लागली.

"मग आता मी डबा न्यायचा कुठे?" काकूंनी विचारलं.

उत्तर दिलं मुकादमानं. तो गेलाच नव्हता. लांब उभा होता, हातात फावडं घेऊन. उपटलेल्या जागी आपण पुन्हा रोपं लावणार आहोत, टोळी उद्यापासून येईल, तो म्हणाला. त्यांच्या बुडाशी चिमूट चिमूट राख चालेल ना, असं त्यानं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, चिमूटभर नक्की चालेल.

"म्हणजे पहिली ओळ," काकू म्हणाल्या. "बरं झालं. मोजायलाच नको."

उठताना त्यांनी एक हात बाईंच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा मातीवर टेकवला. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनीही आपला तळवा शेजारी टेकवला आणि सरांना जे सांगायचं राहून गेलं होतं ते मनातल्या मनात सांगून टाकलं.